घरची भट्टी आणि रविवारची विश्रांति



ज्युबिलीच्या प्रसंगीं सामान्यतः मोठमोठ्या विषयांवर भाषणें होतात. ख्रिस्तसभेचा इतिहास सांगितला जातो, पूर्वजांच्या कष्टांचें स्मरण होतें, पुढील पिढीला चार हिताच्या गोष्टी सांगितल्या जातात. हें सर्व योग्यच आहे. मीं मात्र आज आपल्यापुढें जो विषय मांडण्याचें योजिलें आहे, तो स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा आणि बाजाराच्या पिशवींतला आहे. शनिवार आणि रविवार या दोन दिवसांत आपल्या घरीं काय भाजलें जातें, बाहेरून काय आणलें जातें, आणि हें सगळें कोण करतें, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु घरांतील एका माणसाला रविवार मिळतो कीं नाहीं, हें त्याच्या उत्तरावर ठरतें. म्हणून तो आपण क्षुल्लक मानूं नये, अशी माझी विनंति आहे.

प्रथम आपल्या वस्तीकडे पाहूं. कामोठे हें एके काळीं भातशेतीचें गांव होतें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईची आंखणी झाली, आणि या शेतांवर एकामागून एक सेक्टर उभे राहिले. १९९८ सालीं लोकल गाडी पनवेलपर्यंत आली. २०१६ सालीं पनवेल महानगरपालिका अस्तित्वांत आली व कामोठे तिच्या हद्दींत गेलें. येथें घर घेणारीं बहुतेक कुटुंबें नोकरदार. सकाळीं मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकावर गाडी धरावयाची, छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसला पोंचावयास सव्वा तासाच्या आसपास वेळ घालवावयाचा, आणि संध्याकाळीं तितकाच वेळ परत यावयास. पुष्कळ घरीं नवरा-बायको दोघेंही या गाडीचीं उतारू. यामुळें आठवड्याचीं पांच-सहा दिवसांचीं जीं कामें राहतात, तीं सारीं शनिवारच्या दुपारीं आणि रविवारीं येऊन दाराशीं उभीं राहतात. गिरणींतून दळण आणावयाचें असतें, वाणसामान भरावयाचें असतें. मासळी, भाजी, म्हाताऱ्यांचीं औषधें, गॅसचें सिलिंडर, विजेचें बिल, मुलांच्या वह्या, इस्त्रीचे कपडे, गृहनिर्माण संस्थेची सभा, एक का दोन! आणि याच दोन दिवसांत, घरांत कांहीं गोडधोड व्हावें, केकचा खमंग वास सुटावा, अशी लेंकरांची इच्छा असते. ती इच्छाही गैर नव्हे.

आपलीं ख्रिस्ती कुटुंबें या वसाहतींत नाना दिशांनीं आलीं. कोणी वसईहून आले, कोणी गोव्याहून व मंगळूराहून, कोणी केरळांतून, तर पुष्कळ जण अहिल्यानगर जिल्ह्यांतून व मराठवाड्यांतून. प्रत्येकानें आपापल्या घरची रीत बरोबर आणली. गोव्याकडील घरांत रवा व नारळ यांचा केक होतो. त्याला तिकडे बाथ म्हणतात. ईस्ट इंडियन घरांत सणावारीं आंबविलेल्या पिठाचे फुगे तळले जातात. घाटावरच्या घरांत भट्टी नव्हती. परंतु रवा, मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरींत जावयाचें, आपल्या देखत नानकटाई व बिस्किटें भाजून घ्यावयाचीं आणि पत्र्याचा डबा भरून घरीं आणावयाचा, ही रीत गांवोगांवीं होती. तेथें भाजणें आणि बाजाराची खेप हीं दोन कामें एकच होतीं, आणि डबा वाहून नेण्याचा मान बहुधा घरांतील मुलांचा असे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केक भाजणें ही ख्रिस्ती घराची खूण आहे, असें आपल्यांतील व आपल्याबाहेरील कित्येकांना वाटतें. तें खरें नाहीं. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत मराठी ख्रिस्ती माणूस 'भाकर' मागतो, पाव मागत नाहीं. कामोठ्याच्या मूळच्या आगरी घरांतही तांदळाची भाकर तव्यावरच थापली जाते. तेव्हां जिच्या घरीं ओव्हन नाहीं, ती गृहिणी कोणत्याही अर्थानें उणी नाहीं. पाव आणि केक यांचा आपल्या किनाऱ्यावरील इतिहास मात्र मनोरंजक आहे, तो थोडक्यांत सांगतें.

पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवा जिंकलें. त्यांना गव्हाचा फुगलेला पाव लागे. पण तो फुगविण्यास लागणारें खमीर येथें सहज मिळेना. तेव्हां माडाची माडी पिठांत घालून तें आंबविण्याची युक्ति निघाली. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीज भाषेंतूनच आला आहे. पुढें गोवेकर पाववाले मुंबईस आले, आणि शहराच्या सकाळीला त्यांची व इराण्यांची भट्टी आवश्यक होऊन बसली. पण याच पावानें बाट लागतो, अशी समजूत फार दिवस होती. विहिरींत पावाचा तुकडा टाकला म्हणजे सबंध गांव बाटला, ही दंतकथा वसईपासून गोव्यापर्यंत सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं लोकमान्य टिळक, न्यायमूर्ति रानडे इत्यादि थोर मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवलीं गेलीं, आणि तेवढ्यावरून उठलेला प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. आज त्याच महाराष्ट्रांत वडा-पाव आणि मिसळ-पाव यांवांचून कोणाचें चालत नाहीं. अन्नानें माणसें दुरावतात आणि अन्नानेंच तीं जवळ येतात, हें यावरून दिसतें. नाताळांत शेजारच्या घरीं गेलेली केकची बशी, आणि दिवाळींत तीच बशी करंज्यांनीं भरून परत आलेली, हें दृश्य आपल्या प्रत्येक इमारतींत आहे. त्याला या सर्व इतिहासाची पार्श्वभूमि आहे.

आतां भट्टीच्या शास्त्राकडे वळूं. पीठ फुगतें कसें? यीस्ट हा एक सूक्ष्म जीव आहे. पिठांतील साखर खाऊन तो वायु सोडतो, आणि त्या वायूचे बुडबुडे पिठाच्या चिकटपणांत अडकून पीठ वर येतें. आंबणें ही क्रिया सजीवांकडून घडते, हें लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ पासूनच्या संशोधनानें दाखवून दिलें. सजीव म्हटला म्हणजे त्याची मर्जी राखावी लागते. कोमट पाणी त्याला मानवतें. कढत पाण्यानें तो मरतो. आपल्याकडे वैशाखांत पीठ तासाभरांत दुप्पट होतें, तर डिसेंबरच्या पहांटे त्यालाच दोन तास लागतात. पावसाळ्यांत पीठ हवेंतला ओलावा शोषून घेतें, म्हणून तेव्हां पाणी बेतानें घालावें.

केकची गोष्ट वेगळी. तेथें खाण्याचा सोडा व आंबट पदार्थ यांच्या मिलाफानें वायु होतो. सोडा आणि दहीं एकत्र आलीं कीं काम तत्काळ सुरू होतें. म्हणून असें पीठ कालवून ठेवून शेजारणीशीं बोलावयास जातां येत नाहीं. बेकिंग पावडरींत हे दोन्ही पदार्थ कोरडे एकत्र केलेले असतात. ही पावडर कशी निघाली, हें आपल्या विषयाला धरून आहे. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें आल्फ्रेड बर्ड नांवाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडीं व यीस्ट सोसत नसत. म्हणून या गृहस्थांनीं १८३७ सालीं अंड्यांवांचून होणारें कस्टर्ड, आणि १८४३ सालीं यीस्टवांचून पीठ फुगविणारी पावडर तयार केली. बायकोला काय सोसतें आणि काय सोसत नाहीं, याचा एका नवऱ्यानें नीट विचार केला, त्याचें फळ आज जगांतील प्रत्येक स्वयंपाकघर भोगतें आहे.

शनिवार-रविवारला साजेसा एक पदार्थ सांगतें. २५० ग्रॅम रवा, २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी, एका मध्यम नारळाचा चव, अर्धी वाटी नारळाचें दूध आणि चिमूटभर मीठ. लोणी व साखर चांगलीं फेंटून घ्यावीं, त्यांत रवा, चव, मीठ व दूध मिसळावें आणि भांडें झांकून रात्रभर फ्रिजमध्यें ठेवावें. आपल्या हवेंत नारळ बाहेर ठेवूं नये. रात्रभरांत रवा भिजून मऊ होतो. सकाळीं भांडें बाहेर काढून मिश्रण जरा सैल होऊं द्यावें, तीन अंडीं फेंटून घालावीं, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर अगदीं शेवटीं मिसळावी, आणि १८० अंशांवर सुमारें पाऊण तास भाजावें. पहिला अर्धा तास ओव्हनचें दार उघडूं नये. मध्येंच थंड हवा लागली तर केक बसतो. शेवटीं काडी घालून पाहावी. ती कोरडी निघाली म्हणजे झालें. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यांत वाळूचा किंवा मिठाचा थर पसरून, त्यावर तिवई ठेवून, मंद आंचेवरही हें काम होतें. पूर्वी भांड्याखालीं आणि झांकणावर निखारे ठेवून भाजीत. त्याचेंच हें धाकटें रूप.

या कृतींत हाताचें काम किती आहे, तें पाहा. रात्रीं वीस मिनिटें, सकाळीं पंधरा मिनिटें. बाकी सगळा वेळ थांबण्याचा आहे. पावाचेंही तसेंच, पीठ मळण्यास थोडा वेळ, आणि फुगण्यास तास-दोन तास. त्या वेळांत पिठाला माणसाची गरज नसते. मग घरोघरीं ज्या बायका भाजण्याचें काम करतात, त्या रविवारीं रात्रीं थकून कां जातात? कारण पीठ फुगत असतां त्याच दळणाला जातात, त्याच मासळी आणतात, त्याच म्हाताऱ्यांचें औषध संपलें कीं काय तें पाहतात, आणि परत येऊन भांडींही त्याच घांसतात. भट्टीनें त्यांना थकविलेलें नसतें. भट्टीच्या आजूबाजूचें सगळें घर त्यांच्या एकटीच्या डोक्यावर असतें, त्याचा हा थकवा.

हें मी भावनेच्या भरांत बोलत नाहीं. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षें व त्यापुढील वयाच्या स्त्रियांपैकीं १०० मध्यें सुमारें ८१ जणी घरचें बिनमोल काम करतांना आढळल्या. पुरुषांपैकीं १०० मध्यें २६. जे हें काम करतात, त्यांतही स्त्रियांचा दिवसाकाठीं २९९ मिनिटें वेळ जाई, तर पुरुषांचा ९७ मिनिटें. पुन्हा २०२४ सालीं पाहणी झाली, तेव्हां स्त्रियांचीं २८९ व पुरुषांचीं ८८ मिनिटें भरलीं. आपण वजाबाकी करून पाहा. पहिलें अंतर २०२ मिनिटांचें, दुसरें २०१ मिनिटांचें. पांच वर्षांत एक मिनिट! यंत्रें आलीं, घरपोंच सामान आलें, फोनवरून बिल भरतां येऊं लागलें. त्या सोयींनीं दोघांचेंही काम थोडें हलकें केलें असेल, पण वांटणी होती तशीच राहिली.

आणि मिनिटांच्या या हिशेबांत न येणारें एक काम आहे, तें म्हणजे ध्यानांत ठेवणें. तूरडाळ संपत आली आहे, सासूबाईंच्या गोळ्या मंगळवारपर्यंतच पुरतील, धाकट्याला सोमवारीं पांढरे मोजे हवे आहेत, सिलिंडर बदलून महिना होत आला, ही यादी एकाच डोक्यांत रात्रंदिवस चालूं असते. "मला सांगितलें असतेंस तर मीं आणलें असतें," असें आपल्याकडील सज्जन पुरुष मोठ्या प्रेमानें म्हणतात. त्यांच्या प्रेमाविषयीं मला शंका नाहीं. परंतु सांगण्याचें काम, आठवण्याचें काम, आणि सांगूनही न आणल्यास पुन्हा सांगण्याचें काम हें तिच्याकडेच राहिलें, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं.

रविवारची सुट्टी आपणांस आयती मिळालेली नाहीं. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत. जोतिराव फुले यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्याच वर्षीं, मे १८९१ मध्यें, पोपमहाराज तेरावे लिओ यांनीं कामगारांच्या स्थितीविषयीं आपलें प्रसिद्ध परिपत्रक काढलें, व त्यांतही रविवारच्या विश्रांतीचा हक्क आग्रहानें सांगितला. सध्यांचे पोपमहाराज चौदावे लिओ यांनीं २०२५ सालीं आपलें नांव निवडतांना याच पूर्वसूरींचें स्मरण केलें. लोखंडे यांच्या श्रमानें गिरणीचा भोंगा रविवारीं बंद झाला. पण गिरणी कामगाराच्या घरची चूल त्या रविवारीं अधिकच पेटली, कारण त्या दिवशीं सगळे घरीं जेवावयास असत! ती चूल आजतागाईत सुट्टीवर गेलेली नाहीं.

शब्बाथाची आज्ञा आपण सर्वांना पाठ आहे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायांत त्या दिवशीं कोणीं काम करूं नये, याची यादीच दिलेली आहे. तूं, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरेंढोरें, आणि वेशीच्या आंत राहणारा परका माणूस, इतक्या सर्वांचा तेथें उल्लेख आहे. पत्नीचें नांव वेगळें नाहीं. 'तूं' म्हटलें म्हणजे पति-पत्नी दोघेंही आलीं, असा त्याचा सरळ अर्थ आहे. पण आपण आपल्या घरीं वागतों तें असें, जणूं बैलालाही विश्रांति सांगितली आणि घरधनिणीला मात्र वगळली. त्याच यादींत दासी आहे, हेंही विसरूं नये. आपल्याकडे धुणें-भांडीं करावयास ज्या बाई येतात, त्यांनाही आठवड्यांतून एक दिवस स्वतःच्या घरीं राहूं दिलें पाहिजे, आणि त्या दिवसाचे पैसे कापूं नयेत.

मार्था व मरिया यांची कथा आपण पुष्कळदां ऐकतों. तिचा अध्यात्मिक अर्थ सांगणें हा धर्मगुरूंचा अधिकार आहे. मी केवळ एका गृहिणीच्या नजरेनें ती वाचतें. मार्थेनें सेवेला नकार दिला नव्हता. तिचें मागणें एवढेंच होतें कीं, मला मदतीला कोणी तरी द्या. आपल्या घरांतील मार्थेनें तेंच मागितलें, तर "तूं उगाच दगदग करतेस" असें सांगून तिला गप्प करण्याकरितां या कथेचा उपयोग होऊं नये. तिची दगदग कमी करावयाची असेल, तर आपण उठून हातभार लावावा. मग तिलाही प्रभूच्या पायांशीं बसावयास सवड मिळेल. आणि पुरुषानें चुलीपाशीं बसणें कमीपणाचें, असें ज्यांना अजून वाटतें, त्यांनीं योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय उघडावा. रात्रभर जाळीं टाकून थकलेले शिष्य पहांटे किनाऱ्याला येतात, तों पुनरुत्थित प्रभूनें स्वतः निखारे पेटविलेले, त्यांवर मासळी ठेवलेली, आणि भाकर तयार. मृत्यूला जिंकून आलेल्या प्रभूला दमलेल्या माणसांसाठीं न्याहारी करण्यांत उणेपणा वाटला नाहीं. मग सरकारी कचेरींतून किंवा बँकेंतून आलेल्या गृहस्थांस तो कां वाटावा?

आतां प्रत्यक्ष काय करावें, तें सांगतें. शुक्रवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर सगळ्यांनीं मिळून दहा मिनिटें बसावें आणि दोन दिवसांच्या कामांची यादी कागदावर उतरवावी. तो कागद फ्रिजच्या दारावर लावावा. डोक्यांतली यादी भिंतीवर आली कीं अर्धें ओझें उतरतें. मग प्रत्येक काम एकेका माणसाच्या नांवें पूर्ण लिहून द्यावें. पूर्ण म्हणजे आठवण्यापासून जागेवर ठेवण्यापर्यंत. ज्याच्याकडे गॅस, त्यानें सिलिंडर कधीं लावलें हें ध्यानांत ठेवावें, नोंदणी करावी, आणि आलेलें सिलिंडर जोडावेंही. ज्याच्याकडे दळण, त्यानें गहूं निवडण्यापासून पीठ डब्यांत भरण्यापर्यंत सर्व करावें. मुलगा व मुलगी असा भेद यांत करूं नये. दहा वर्षांच्या मुलाला रवा तोलतां येतो, अंडीं फेंटतां येतात आणि भांडींही घांसतां येतात. उलट, बँकेचें व विजेच्या बिलाचें काम मुलीलाही शिकवावें.

पीठ फुगत असतां ज्या वेळीं बाकीच्यांनीं बाजारच्या खेपा कराव्या, त्या वेळीं घरांतील गृहिणीनें, खुशाल, कांहीं करूं नये. आजीबाई घरांत असतील तर त्यांना खुर्ची देऊन ओट्याजवळ बसवावें. त्यांचीं मापें ओंजळीचीं आणि अंदाजाचीं असतात. नातवंडांनीं तीं तराजूवर तोलून वहींत उतरून घ्यावीं. पुष्कळ घरच्या कृति आजीबरोबर गेल्या, कारण त्या विचारावयास रविवारीं कोणाला सवड नव्हती. आणि रविवारचें दुपारचें जेवण साधें असावें. पवित्र मिसा आटोपून आल्यावर जिनें तीन तास ओट्यापाशीं उभें राहावें, तिचा रविवार झाला असें म्हणतां येत नाहीं. खिचडी, लोणचें आणि केकचा एक तुकडा, एवढ्यानेंही सण होतो.

कोणी म्हणतील, "पन्नास पावलांवर बेकरी आहे, लादी पाव ताजा मिळतो, मग घरीं भाजण्याचा खटाटोप हवा कशाला?" मी म्हणतें, ज्या आठवड्यांत घर थकलेलें आहे, त्या आठवड्यांत अवश्य बेकरींतून आणावा. घरचा केक हें धर्माचें कलम नव्हे. परंपरा राखली पाहिजे, हें मला मान्य आहे; पण ती राखण्याची किंमत एकाच माणसानें दर रविवारीं आपला रविवार देऊन भरावयाची असेल, तर ती परंपरा न राखलेली बरी. उलट, काम वांटलें गेलें तर तीच भट्टी घराचा विसावा होते. मुलांना गणित समजतें, वाट पाहणें समजतें, आणि आपण खातों त्या घांसामागें कोणाचे हात असतात, हेंही समजतें.

आपल्यांतील कित्येक भगिनी घरीं केक करून विकतात व संसाराला हातभार लावतात, त्यांच्याविषयीं दोन शब्द. विक्रीसाठीं अन्न करावयाचें तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें नोंदणी हवी; ती करून घ्यावी, म्हणजे व्यवहाराला बळकटी येते. आणि आपण नातलगांनीं व शेजाऱ्यांनीं, "घरचाच तर केक, त्याला एवढे पैसे कशाला?" असें म्हणूं नये. लोणी, अंडीं, वीज आणि रात्रीचें जागरण यांना मोल आहे. तें न कुरकुरतां द्यावें.

पिठांत खमीर लपविणाऱ्या स्त्रीचा दृष्टांत प्रभूनें सांगितला, तेथें तीन मापें पीठ म्हटलें आहे. तें एका घराला पुरून उरेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वांटावें लागेल, इतकें होतें. थोडेंसें खमीर सगळ्या पिठाला वर आणतें, तसें एका घरांत झालेलें न्याय्य वांटप सगळ्या इमारतीच्या नजरेस पडतें. शेजारचा मुलगा पाहतो कीं, या घरचे वडील शनिवारीं दळण आणतात व रविवारीं भांडीं घांसतात; आणि पुढें तोही आपल्या घरीं तसेंच करतो.

लेवीयाच्या पुस्तकांत पन्नासाव्या वर्षाची ज्युबिली सांगितली आहे. त्या वर्षीं शेताला नांगर लावावयाचा नाहीं, आणि दास्यांत असलेल्या माणसानें मोकळें होऊन आपल्या घरीं परत जावयाचें. भूमीलाही विसावा देणारा हा सण आपण थाटानें साजरा करीत आहों. तेव्हां ज्या हातांनीं या उत्सवाचे केक भाजले, बशा भरल्या आणि उद्यां ज्या त्या धुणार आहेत, त्या हातांना येत्या रविवारीं मोकळीक द्या, एवढेंच माझें मागणें आहे. त्याची सुरुवात येत्या शुक्रवारीं रात्रीं, एका कागदानें व दहा मिनिटांनीं होईल.